पालकसभेला पालक का येत नाहीत?

(डिलाईल रोड येथे तरुण शिक्षक आणि कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



शिक्षकांनी पालकांना शाळेशी कसं जोडून घ्यावं, असा विषय मला दिलाय. तुमच्यातले काही जण डी.एड., बी.एड. करताय, काही नुकतेच शाळेत लागलात. आणि बरेच जण असे आहात, की धाकट्या भावंडाच्या डायरीवर सही तुम्हीच करता, कारण घरात मराठी वाचणारे तुम्हीच. तेव्हा मी शिक्षकांशी बोलतोय की पालकांशी, हे तुम्हीच ठरवा.

शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य नेहमी ऐकू येतं, "यांना मुलांचं काही पडलेलंच नाही." आपल्या मोहल्ल्यांबद्दल तर ते जरा जास्तच सहज म्हटलं जातं. मी नोकरीत होतो तेव्हा पालकसभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला असायची. अकरा वाजता टॅक्सीवाला बाप कुठे असतो? चार घरची धुणीभांडी करणारी आई कुठे असते? सभेला यायचं तर रोज बुडतो. आणि यायचं कशासाठी, तर चारचौघांत "तुमचा मुलगा काही करत नाही" हे ऐकायला!

आपण ज्या रस्त्यावर जमलोय त्याचं आजचं नाव ना. म. जोशी मार्ग. या नारायण मल्हार जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, १९२० साली आयटकच्या स्थापनेतही ते होते. लीगने कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. 'रात्रशाळा' हा शब्द आपण इतका वापरतो, की त्यातलं शहाणपण दिसेनासं झालंय. कामगार दिवसा येऊ शकत नव्हता, म्हणून शाळा रात्री भरली. त्याला शिक्षणाची आस्था नाही, असं म्हणून जोशी आणि त्यांचे सहकारी हात झटकून मोकळे झाले नाहीत. गिरण्यांचे भोंगे थांबले, पण पोटासाठी दिवसभर बाहेर राहणारे आईबाप आजही आहेत.

म्हणून पहिली गोष्ट वेळेची. सभा रविवारी किंवा रात्री आठनंतर ठेवा. शुक्रवारी जुम्म्याच्या वेळेला नको, रमजानमध्ये इफ्तारच्या तोंडावर नको. गणपतीचे दहा दिवस लालबाग-परळमध्ये सभा ठेवायची नाही, हे काय सांगायला हवं! रात्री शाळा उघडायला परवानगी मिळत नसेल, तर चाळीच्या पॅसेजमध्ये चटई टाका. बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू झाल्यापासून कितीतरी बिऱ्हाडं हलली आहेत. मूल आता कुठून येतं, किती चालतं, हे विचारलं तरी पालकाला कळतं की शाळेचं आपल्याकडे लक्ष आहे.

दुसरी गोष्ट बोलण्याची. वर्षातला पहिला निरोप तक्रारीचा नसावा. "फरहानची अम्मी, आज याने गणित न विचारता फळ्यावर सोडवलं" एवढं सांगायला अर्धा मिनिट लागतो. मराठी चिठ्ठी घरात वाचता येत नसेल तर हिंदीत आवाजी मेसेज पाठवा. दखनी येत असेल तर सोन्याहून पिवळं.

"मैं तो अनपढ़ हूँ, क्या पढ़ाऊँगी?" हे तुम्ही ऐकलंच असेल. तिला शिकवायला सांगूच नका. रोज दहा मिनिटं मूल मोठ्याने वाचेल, तिने ऐकायचं आणि गोष्टीत पुढे काय झालं ते विचारायचं. शासनाच्या 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारीच्या मोहिमेत २०२२ साली गावोगाव मातांचे गट झाले, त्यामागेही हाच विचार होता. घरातल्या वस्तू मोजणं, निवडणं, वेगळ्या करणं यातून मुलाची तयारी होते. त्यासाठी आईकडे दाखला लागत नाही.

आता हक्काचं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. महापालिकेच्या शाळेत, मग ती मराठी असो की उर्दू, ही समिती असलीच पाहिजे. पण कित्येक ठिकाणी ती वहीतच असते. रजिस्टर घरी येतं, "इथे सही करा" म्हणतात, आई सही करते. आपण अध्यक्ष आहोत हे तिला माहीतच नसतं! शिक्षक म्हणून तुम्हाला एवढं तर करता येईल, की सहीआधी त्या पानावर काय लिहिलंय ते तिला वाचून दाखवा.

एक गोष्ट आपल्याला टोचेल. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. म्हणजे आपल्याच माणसांनी चालवलेल्या शाळेत पालकांसाठी ही खुर्ची कायद्याने ठेवलेली नाही. पण संस्थेने ती आपणहून द्यायला कुणाची बंदी आहे? विश्वस्तांच्या बैठकीत हे तुम्ही विचारा. तुम्ही त्याच शाळांचे माजी विद्यार्थी आहात, तुम्हाला टाळणं त्यांना जड जाईल.

बाकी प्रश्नोत्तरांत बोलू. मागच्या रांगेतल्या आपांचा हात केव्हाचा वर आहे. बोला, आपा.