चिंचेची शेंग आणि चिंचोका



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञान शिकवीत. पुस्तकातील आकृतीपेक्षा कुंपणावरचे झाड अधिक भरवशाचे, असा त्यांचा दंडक होता. त्याला धरून मी आज आपणा सर्वांच्या ओळखीचे फळ निवडले आहे. ते म्हणजे चिंच. तिची आंबट चव आपण जाणतो. शेंगेची रचना मात्र आपण क्वचितच न्याहाळतो.

चिंच मूळची आपली नव्हे. उष्णकटिबंधीय आफ्रिका हे तिचे माहेर, असे बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. ती येथे कधी आली, हे सांगणे अवघड; पण गंगेच्या खोऱ्यात नरहन येथील उत्खननात तिच्या लाकडाचा कोळसा सापडला आहे आणि त्याचा काळ इ. स. पूर्व १३०० च्या सुमाराचा धरतात. अरब व्यापाऱ्यांना ती आपल्याकडे भेटली, म्हणून त्यांनी तिला ‘तमर-इ-हिंद’, हिंदुस्थानचा खजूर, म्हटले. लिनिअसने १७५३ साली त्यावरूनच ‘टॅमरिंडस इंडिका’ हे नाव मुक्रर केले. आफ्रिकेच्या झाडाला शास्त्रात हिंदुस्थानचे नाव, तेही दोनदा! आपल्या सीमाभागात ती मराठीत चिंच आणि कानडीत हुणसे. कोणाचा हक्क पहिला, हा वाद तिच्याबाबतीत अद्याप कोणी काढलेला नाही.

ती शेंगावर्गातील आहे. घेवड्याची शेंग वाळली की तडकते, दोन्ही फाका पिळवटतात आणि बिया उडतात. गुलमोहराची लाकडी शेंगही उशिरा का होईना, उकलते. विलायती चिंच, जी नावापुरतीच चिंच आहे आणि मूळची मेक्सिकोकडची, तीही पिकल्यावर उकलून आतला गर बाहेर दाखविते. (गोरखचिंच तर शेंगावर्गातीलही नव्हे.) आपल्या चिंचेची शेंग मात्र स्वतःहून उकलत नाही. बहाव्याप्रमाणे ती मिटलेलीच राहते. काढली नाही, तर महिनोन् महिने फांदीवर लटकते.

कोवळेपणी हिरवी साल गराला घट्ट चिकटलेली असते. शेंग पिकू लागली की गरातील पाणी कमी होते, गर आक्रसतो आणि सालीपासून सुटतो. हीच आपली गाभुळलेली चिंच. पुढे साल ठिसूळ टरफल होते आणि आत पोकळी राहते. म्हणून पिकलेली शेंग बोटाने ठोकली तर पोकळ वाजते. टरफलाखाली गर, गराला आधार देणाऱ्या शिरा आणि सर्वांत आत प्रत्येक चिंचोक्याभोवती चिवट पापुद्रा. एका शेंगेत एक-दोनपासून दहा-बारापर्यंत चिंचोके असतात.

बहुतेक फळे पिकताना आंबटपणा सोडतात. चिंचेचे तसे नाही. तिच्यातील टार्टारिक आम्ल पिकतानाही फारसे घटत नाही. साखर तेवढी वाढते. एकाच घासात दोन्ही चवी येतात त्या यामुळे. अतिपावसाच्या मुलखात हे झाड वाढते, पण फळाला त्याला कोरडा उन्हाळा लागतो. आपल्या पूर्वेकडच्या चिकोडी-अथणीच्या माळाला ते मानवले, यात नवल नाही.

शेंग उकलत नसेल, तर बी जाणार कसे? ते कोणीतरी खाऊन न्यावे लागते. गोड-आंबट गर ही वाहकाची मजुरी, आणि कठीण तपकिरी कवच हे दात व पोट यांच्यापासून बीचे संरक्षण. रानात हे काम माकडे करतात. आपल्याकडे ते मुख्यतः माणसांनी केले. गर ठेवून चिंचोका फेकणारा, बांधावर उष्टे टाकणारा वाटसरू हा या झाडाचा खरा माळी होय.

फेकलेला चिंचोकाही वाया जात नसे. एकी-बेकीला मूठभर चिंचोके पुरत. अर्धे फोडले की एक बाजू काळसर व एक पांढरी, असे आयते फासे मिळत. कानडी घरांत अळगुळी मणेच्या खळग्यांतून तेच फिरत. आणि खळग्यांतून बिया फिरविण्याचा हा खेळ आफ्रिकेतही सर्वदूर खेळला जातो. यावरून काही सिद्ध होत नाही, पण मला ही गोष्ट आवडते.

चिंचोक्याचे खरे मोल मात्र त्याच्या खळीत आहे. धनगर आणि सणगर मंडळी घोंगडे विणताना लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. तिने सुटे केस बसतात आणि सूत मागावरचा ताण सोसते. आंबोली घाटाखालच्या सावंतवाडीत गंजिफाच्या पानांचे कापड याच खळीने ताठ करीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापड गिरण्यांना स्टार्चची टंचाई भासली, तेव्हा डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने चिंचोक्याच्या पिठाकडे लक्ष वेधले. गंमत अशी, की ही खळ स्टार्च नव्हेच. आयोडिन घातले तर तीही निळसर होते, म्हणून जुने अभ्यासक फसत. ती झायलोग्लुकन नावाची निराळी शर्करामाला असून दलांतील पेशींच्या जाड भिंतींत साठविलेली असते. आज तीच कोरड्या डोळ्यांच्या औषधी थेंबांत वापरतात. सणगराला हे नाव ठाऊक नव्हते. गुण मात्र पुरता ठाऊक होता.

आता काळजीचा मुद्दा. बीपासून वाढलेली दोन झाडे सारखी नसतात. एकाचा गर जाड आणि चिंचोके थोडे, दुसऱ्यात शिराच फार. एखादे झाड इतके गोड, की गावात त्याला वेगळे नाव असते. आता ‘प्रतिष्ठान’, ‘पीकेएम १’ अशा निवडक वाणांची कलमे मिळतात. ती लवकर फळतात, एकसारखी फळतात आणि शेतकऱ्याने ती लावावीत हे योग्यच. पण एका वाणाची सारी कलमे म्हणजे एकाच झाडाच्या प्रती. निपाणी, संकेश्वर, यमकनमर्डी, काकती या वाटेवरची जुनी झाडे रस्ता रुंदावताना गेली. बांधावरची ऊस आणि वीटभट्ट्यांपायी जात आहेत. त्यांच्याबरोबर कोणते गुण गेले, याची नोंद कोठेही नाही. कलम करावयाचे तर आधी झाड निवडावे लागते, आणि निवडायला वेगवेगळी झाडे उभी असावी लागतात.

हे काम शाळेच्या आवाक्यातील आहे. प्रत्येक वर्गाने एक गाव घ्यावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रत्येक जुन्या झाडाच्या पंचवीस शेंगा आणाव्यात. लांबी मोजावी, टरफल, गर आणि चिंचोके वेगळे तोलावेत, गावकरी त्या झाडाला काय म्हणतात ते मराठीत आणि कानडीत दोन्ही लिहावे. तराजू आणि वही यांपलीकडे काही लागणार नाही. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या बांधावरच्या झाडापासून सुरुवात केली, तर पुढच्या वर्षी या व्यासपीठावर पहिली वही ठेवता येईल.

मोजून झालेले चिंचोके टाकू नयेत. रात्रभर पाण्यात भिजवून पावसाच्या तोंडावर बोटभर खोल पेरावेत. आठवड्या-दोन आठवड्यांत दोन जाडजूड दले जमिनीच्या वर येतात. मुलांना ती रोज पाहू द्यावी. ती दिवसेंदिवस पातळ होत सुरकुततात, कारण सणगराची ती खळ आता रोपटे खात असते.