झील धरणारे

पंधरा-सोळाव्या वर्षी कानात शिरलेलं गाणं आयुष्यभर निघत नाही. आमच्या मूलमध्ये पोरांच्या तोंडी झाडीपट्टीच्या नाटकातली गाणी असायची. माझं गाणं मात्र मुंबईहून आलं.

चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी 16 ऑक्टोबर 1956 रोजी धम्मदीक्षा दिली. तिथं दरवर्षी त्या दिवसांत मोठी गर्दी जमते. 1986 साली मी मित्रासोबत एसटीनं तिथं गेलो. परतताना त्यानं एक कॅसेट दिली. कॅसेटवरून कॅसेट उतरवलेली, वर बॉलपेननं लिहिलेलं : आव्हान नाट्य मंच. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून, गिरण्यांच्या दारात गाणारी ही मंडळी. त्यांत विलास घोगरे होते, संभाजी भगत होते.

घरात अब्बांच्या टेपवर कव्वाली वाजायची. ही कॅसेट ऐकून ते म्हणाले, ‘बेटा, ये तो अपनी कव्वालीच है. सिर्फ फिर्याद अलग है.’

पुढे कॉलेजात वाचलं, की 1976-77 मध्ये लंडनमध्ये बेकार पोरांनी ‘पंक’ नावाचं संगीत उभं केलं होतं. वाद्यं मोजकी, आवाज मोठा, राग सरळ. मनात म्हटलं, ही तर आपल्या शाहिरांची लांबची भावंडं!

नोकरी लागली, संसार झाला, कॅसेटची फीत टेपमध्ये अडकून तुटली. अलीकडे भाच्यानं मोबाइलवर आनंद पटवर्धन यांचा 2011 चा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट लावला आणि तोच आवाज पुन्हा कानावर आला. घोगरेंचा.

11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मारली गेली. चार दिवसांनी, 15 जुलैला, घोगरेंनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. शेवटच्या काळात ते आपल्या मंचापासून तुटले होते.

सोळाव्या वर्षी मला त्या आवाजातला राग ऐकू यायचा. आज पन्नाशी ओलांडल्यावर त्यामागची झील ऐकू येते. शाहीर एक ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो आणि पुढची ओळ जुळवतो. कव्वालीत हेच काम हमनवा करतात. टाळी देतात, ओळ परत फिरवतात. एकट्याचं दुःख दहाजणांच्या तोंडी गेलं, की ते थोडं हलकं होतं. झील गेली, की शाहिराला श्वास घ्यायलाही जागा उरत नाही.

मी कविता एकट्यानं लिहितो. पण कविसंमेलनात मागच्या रांगेतून कुणी ओळ परत मागतं, तेव्हा कळतं, आपलंही झीलकऱ्यांवरच चाललं आहे.

मित्रहो, गावोगावच्या ट्रंकांमध्ये, माळ्यांवर अशा कॅसेटी अजून पडून असतील. पावसाळी ओलीनं फितीला बुरशी धरते. वेळेत त्या उतरवून घ्या. आणि आपल्या गावात कुणी गाणारा उभा असेल, तर नुसतं ऐकू नका. त्याची ओळ उचला. तो जिवंत असतानाच उचला.