टेप फिरत होती

(मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला निरोप आला तेव्हा विषय ठरवूनच दिला होता, ‘संगणक क्षेत्रातल्या नव्या घडामोडी आणि आयटीवाल्यांना चार गोष्टी’. आपल्या बॅचमधले पाच-सहा जण या धंद्यात आहेत आणि निम्म्यांची पोरं हिंजवडी, खराडी नाहीतर बंगळूरला आहेत, म्हणून. फोनवर आणखी एक सूचना आली, ‘एआयवर बोल, सगळे तेच बोलतात.’ सगळे बोलतात म्हणूनच मी बोलणार नाही. मी बोलणार आहे बॅकअपवर. विषय जुना आहे, कंटाळवाणा आहे, पण तीस वर्षांत मी ज्या ज्या वेळी रात्रभर जागलो, त्यातल्या निम्म्याहून जास्त रात्री याच्यापायी गेल्या.

सुरुवात माझ्या स्वतःच्या गाढवपणापासून करतो. सर समोर आहेत, त्यामुळे खोटं बोलता येणार नाही.

डिप्लोमा झाल्यावर मला एका साखर कारखान्यात ई.डी.पी. विभागात नोकरी लागली. नाव घेत नाही. काळ फॉक्सप्रोचा. थंडगार खोलीत एकच सर्व्हर, बाहेर चप्पल काढून आत जायचं. माझ्याकडे काम होतं रोज संध्याकाळी टेपवर बॅकअप घ्यायचं. सहा टेपा होत्या, सोमवार ते शनिवार अशी लेबलं मी माझ्या चांगल्या अक्षरात लावलेली. टेप घालायची, कमांड द्यायची, हिरवा दिवा लुकलुकायचा, चाळीस मिनिटांनी टेप बाहेर. मग वहीत तारीख, वेळ, सही. दोन वर्षांत एक दिवस चुकला नाही.

त्या वर्षी दिवाळीत गळीत हंगामाआधी नवी डिस्क बसवली आणि वजनकाट्याचा सगळा डेटा नव्या फोल्डरमध्ये हलवला. हलवणारा मीच. बॅकअपची कमांड मात्र जुन्याच फोल्डरकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून चाळीस मिनिटांची टेप पाच मिनिटांत बाहेर येऊ लागली. आणि मला काय वाटलं असेल? मला आनंद झाला! म्हटलं, नवी डिस्क वेगवान आहे. मी सव्वासहाची एस.टी. पकडायला लागलो.

फेब्रुवारीत ती डिस्क गेली. मी ऐटीत साहेबांना म्हणालो, काळजी नको, टेप आहे. शनिवारची लावली, रिकामी. शुक्रवारची लावली, रिकामी. सहाही टेपांवर काही नव्हतं. एक जुनी फाईल तेवढी होती, प्रिंटरच्या रिबनींचा हिशोब.

तीन महिन्यांच्या वजन पावत्या कागदावर होत्या म्हणून वाचलो. त्या गोण्यांतून काढून, पाच जणांनी दोन पाळ्यांत बसून परत टाइप केल्या. उसाची बिलं जवळजवळ तीन आठवडे लांबली. एके दिवशी खिडकीशी आपल्याच वर्गातल्या एकाचे वडील उभे. तो आज इथे बसलाय, त्याला ही गोष्ट ठाऊक नसेल. मला ओळखून ते म्हणाले, “काय बाबा, मशिनीत गेलेलं परत येत नाही का?” रागानं नाही, खरंच माहिती हवी म्हणून विचारलं. सोसायटीचं कर्ज भरायची तारीख जवळ आली होती त्यांची. साहेब मला जे बोलले ते मी विसरलो. हे विसरलो नाही.

वहीत रोजची सही होती. वहीत खोटं काहीच नव्हतं. टेप फिरत होती हे खरं, मी हजर होतो हेही खरं. त्या दोन वर्षांत टेपवरून एक फाईल परत काढून बघितली असती तर पाच मिनिटांत भांडं फुटलं असतं.

आता माझ्याएवढाच गाढवपणा मोठ्या लोकांचाही ऐका, म्हणजे मला जरा बरं वाटेल.

३१ जानेवारी २०१७. गिटलॅब नावाची कंपनी, जगभरचे प्रोग्रॅमर आपलं काम तिच्याकडे ठेवतात. रात्री उशिरापर्यंत बसलेल्या त्यांच्या एका इंजिनियरला दुय्यम सर्व्हरवरचं एक फोल्डर पुसायचं होतं. खिडक्या दोन उघड्या. त्यानं पुसलं ते मुख्य सर्व्हरवरचं. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, थांबवलं, पण सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या पाच निरनिराळ्या व्यवस्था होत्या, कामाला एकही आली नाही. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा आणि डेटाबेस नव्या आवृत्तीचा, म्हणून तो रोज निमूटपणे बंद पडत होता. बंद पडला की ई-मेल जायची, पण ती ई-मेलही समोरचा सर्व्हर नाकारत होता. म्हणजे घरात चोर शिरला, कुत्रा भुंकला, आणि कुत्र्याच्या तोंडावर आपणच फडकं बांधलेलं. शेवटी चाचणीसाठी म्हणून सहा तासांपूर्वी हातानं घेतलेली एक प्रत सापडली आणि त्यावरून गाडी रुळावर आली. मधल्या सहा तासांचं काम गेलं ते गेलंच.

या गोष्टीतलं मला आवडलेलं वेगळं आहे. कंपनीनं काहीही लपवलं नाही. दुरुस्ती चालू असताना ती यूट्यूबवर थेट दाखवली. आणि त्या इंजिनियरची नोकरी गेली नाही. आपल्यात जे आज मॅनेजर झालेत त्यांनी हे कानात ठेवावं. पोरगं चूक सांगायला भ्यायलं तर पहिला तास लपवण्यात जातो, आणि वाचवण्यासारखं जे काही असतं ते त्या पहिल्या तासातच असतं.

दुसरी गोष्ट त्याच वर्षीची, आणि हिचा एक धागा आपल्या न्हावा शेवापर्यंत येतो. २७ जून २०१७ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला. जगातल्या कंटेनर जहाजवाहतुकीचा मोठा हिस्सा तेव्हा ज्या मर्स्क कंपनीकडे होता, तिचे संगणक बघता बघता काळे पडले. त्याच समूहाचं जवाहरलाल नेहरू बंदरातलं टर्मिनलही ठप्प झालं, कंटेनर साचू लागले.

मोठ्या कंपनीत डोमेन कंट्रोलर नावाचे सर्व्हर असतात. आपल्या भाषेत म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. कोण आपला, कोण परका, कुणाला कुठल्या दारातून आत सोडायचं, हे सगळं त्यात. मर्स्ककडे असे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते आणि सगळे एकमेकांची नक्कल ठेवत होते. एक गेला तर दुसऱ्यावरून घेऊ, अशी कल्पना. दीडशेच्या दीडशे एकदम जातील हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बाई, तुम्ही म्हणायचात ना, एका बाकावरच्या चौघांचं उत्तर सारखंच चुकलंय म्हणजे पेपर एकानंच लिहिलाय. तसंच हे. नक्कल आणि बॅकअप यांत फरक आहे. नक्कल चुकीचीही होते, आणि ताबडतोब होते.

शोधाशोध करता करता एक सर्व्हर जिवंत सापडला. कुठे? आफ्रिकेत, घानामध्ये. का जिवंत? व्हायरस आला तेव्हा तिथली लाईट गेली होती! भारनियमनानं जगातली एक मोठी कंपनी वाचवली. आपण कंदिलावर दहावीचा अभ्यास केला, आपल्याला याचं कौतुक जास्त. तिथलं इंटरनेट इतकं बारीक, की तेवढा डेटा इंग्लंडला पाठवायला कित्येक दिवस लागले असते. घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटिश व्हिसा नव्हता. मग एक जण डिस्क घेऊन नायजेरियाच्या विमानतळावर गेला, तिथे दुसऱ्याच्या हातात दिली, तो लंडनला घेऊन गेला. आपण गावाकडून एस.टी.च्या कंडक्टरकडे डबा द्यायचो, तसं. नंतर दहा दिवसांत त्यांनी ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं उभे केले.

तिसरी गोष्ट थोडक्यात, ती तुम्हाला आठवत असेल. १९ जुलै २०२४, शुक्रवार. सुरक्षेचं सॉफ्टवेअर देणाऱ्या क्राउडस्ट्राइकनं एक सदोष अपडेट सोडलं आणि विंडोजवरचे सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. आपल्या विमानतळांवर हातानं लिहून बोर्डिंग पास दिले. चूक सव्वा तासात मागे घेतली, पण पडलेला संगणक उठवायला बहुतेक वेळा त्याच्यापाशी माणूस जाऊन बसणं भाग होतं. त्यात डिस्कला कुलूप असेल तर ४८ अंकी किल्ली लागते, आणि काही ठिकाणी ती किल्ली ज्या सर्व्हरवर ठेवली होती तोच बंद. कपाटाची किल्ली कपाटात.

आता आयटीवाल्यांनो, तुमच्यासाठी. बॅकअप घेतला का, हा प्रश्न विचारणं सोडा. परत काढून कधी बघितला, हे विचारा. तीन महिन्यांतून एकदा एक वेगळी मशिन घ्या आणि हातात घड्याळ धरून त्यावर सगळं उभं करा. किती तास लागले ते साहेबांना लिहून कळवा. ‘दोन तासांत होईल’ असं सगळेच म्हणतात. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा एकोणीस तास लागले होते. बिघाड झाला की मेल येईल यावर विसंबू नका. रोज सकाळी ‘झालं, एवढ्या जीबीचं झालं’ असा मेल यावा, आणि तो आला नाही तर कुणीतरी उठून बघावं. जीबीचा आकडा नीट वाचा. चाळीस मिनिटांचं काम पाच मिनिटांत व्हायला लागलं तर खूश होऊ नका, एस.टी. चुकली तरी चालेल. बॅकअपचा पासवर्ड रोजच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा, कारण खंडणी मागणारे चोर आधी बॅकअपच पुसतात. आणि परत उभारणीच्या पायऱ्या, किल्ल्या, फोन नंबर कागदावर छापून ठेवा. हो, कागदावरच. पोरं हसतील, हसू द्या.

बाकीच्यांसाठी एकच. फोनमधले फोटो क्लाउडला आपोआप जातात म्हणजे बॅकअप झाला, असं धरू नका. बऱ्याच व्यवस्थांत फोनमधून पुसलं की तिकडूनही पुसलं जातं, थोडे दिवस कचरापेटीत राहतं एवढंच. वर्षातून एकदा, दसऱ्याला म्हणा, एका वेगळ्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क बहिणीच्या घरी ठेवा.

हे सगळं इथे, शाळेत का सांगतोय? २०१९च्या ऑगस्टमध्ये नदीचं पाणी कार्यालयात शिरलं, ते तुम्हाला माहीत आहे. संगणक बुडाला. त्याचा बॅकअप एका बाहेरच्या डिस्कवर होता, आणि ती डिस्क त्याच टेबलाच्या खणात होती. भाऊंनी मात्र आदल्या रात्री जनरल रजिस्टरचे सगळे खंड डोक्यावरून वरच्या वर्गात नेऊन ठेवले. कुणी सांगितलं नव्हतं. जुन्या खंडांत मोडीतल्या नोंदी आहेत. पणजोबांची एक ओळ शोधायला आजही लोक लांबून येतात, आणि त्या ओळीवर कुणाचा तरी दाखला अडलेला असतो. त्या प्रत्येक नोंदीची जगात प्रत एकच. तुमची-माझी जन्मतारीखही त्यातच आहे.

आपल्या बॅचनं दिलेला स्कॅनर चैत्रात आला. अकरा खंडांपैकी तीन झालेत. जुन्या खंडांची शिवण सुटलीये, ते सपाट दाबायचे नाहीत, वरून फोटो काढायचे. दिवाळीच्या सुट्टीत रोज दोघांनी यायचं आहे, यादी दाराशी लावलीये, सध्या तिच्यावर चारच नावं आहेत आणि त्यातलं एक माझं आहे. प्रती तीन ठेवू. एक शाळेत, एक वरच्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात वेगळ्या डिस्कवर, एक पुण्यात. लोकांची खाजगी माहिती आहे, म्हणून पुण्याच्या डिस्कला कुलूप राहील आणि त्याचा पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे. दर सहा महिन्यांनी कुणीतरी फोनवर एक रजिस्टर क्रमांक सांगायचा आणि ती नोंद पुण्याच्या डिस्कवरून काढून, भाऊंनी मूळ खंडाशी ताडून बघायची.

पहिला क्रमांक गणिताच्या सरांनी सांगावा अशी विनंती आहे. सर, आत्ता नको. आत्ता सांगितलात तर ही पोरं तेवढाच पाठ करून येतील.