मोडलेला घोटा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषण कसे करतात ते मला ठाऊक नाही. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या पायाचे सांगा." ते मात्र मला चांगले ठाऊक आहे. खुर्ची दिलीत, फार बरे केलेत, बसूनच बोलते.

2024 च्या श्रावणातली गोष्ट. रविवारी कानबाईचे रोट, आणि शनिवारी सकाळी अंगण धुताना माझा पाय घसरला. फरशीवर शेवाळ धरले होते ते मला दिसत होते. उद्या घासू, उद्या घासू म्हणून मीच टाळले होते. तुरकाठी मोडावी तसा आवाज झाला आणि पंजा एका अंगाला गेला. शेजारणी धावल्या. कुणी हळद-तेल आणले, एक आजी म्हणाल्या, हाडवैद्याकडे न्या, ओढून बसवील. खरे सांगते, मलाही तेच हवे होते. ऑपरेशनच्या नावानेच माझे हातपाय गार पडले होते. पण माझी बारावीतली पोर ऐकेना. तिने पायाभोवती उशी गुंडाळून ओढणीने बांधली, आणि आम्ही शहाद्याहून नंदुरबार गाठले.

डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवला. घोट्याला आत एक आणि बाहेर एक असे दोन उंचवटे असतात ना, ती नडगीच्या आणि तिच्या शेजारच्या बारीक हाडाची टोके. त्यांच्या खोबणीत पायाचे हाड बसते. माझी दोन्ही टोके मोडली होती. खोबण जरा जरी वाकडी जुळली तर सांधा झिजतो आणि चालणे जन्माचे दुखणे होते, असे ते म्हणाले. ते ऐकून मी पोरीकडे पाहिले. ती काही बोलली नाही.

सूज उतरेपर्यंत सहा दिवस थांबावे लागले. मग पाठीत सुई दिली. कमरेखाली बधिर, वर मी जागी. पडद्यापलीकडे सुताराच्या दुकानासारखा आवाज चालला होता. एक पट्टी आणि काही स्क्रू आता माझ्या पायात कायमचे आहेत.

"सहा आठवडे पाऊल जमिनीला टेकवायचे नाही, पाय छातीपेक्षा उंच ठेवायचा, आणि पोटरी दुखली, सुजली किंवा धाप लागली तर लगेच यायचे," असे सांगून त्यांनी घरी पाठवले. पोटरीत रक्ताची गाठ होते आणि ती वर चढली तर जिवावर बेतते म्हणून.

भगिनींनो, दुखणे गोळीने कमी होते. पण पडून राहणे! पहाटे चारला उठणारी मी, खाटेवर पडून घरात भांडी कशी वाजतात ते ऐकत होते. भाकरी करपल्याचा वास आला की जीव जळे. ह्यांनी भांडे उचलून नेले त्या दिवशी मी तोंडावर पदर घेऊन रडले. ते नुसते म्हणाले, "माझ्या टायफाइडात तू काय केले होतेस?" पोर कॉलेज बुडवून स्वयंपाक करी, म्हणून मी तिच्यावरच खेकसे. राग कुणाचा, निघतो कुणावर.

भेटायला येणारे सगळे सुधा चंद्रनची गोष्ट सांगत. 1981 साली अपघातात तिच्या पायाला इजा झाली, जखम चिघळली, पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तरी जयपूर फूट लावून ती पुन्हा नाचली आणि 1986 साली 'नाचे मयूरी' या चित्रपटात स्वतःचेच काम केले. "तुझा पाय तर जागेवर आहे!" असे म्हणून ते चहा पिऊन जात. मला त्याने धीर आला नाही, लाजच वाटली. आजाऱ्याला दुसऱ्याचे मोठे दुखणे सांगू नये, असे माझे मत झाले आहे.

पण त्या जयपूर फूटचे एक मला आवडले. डॉक्टर सेठींबरोबर तो घडवणारे रामचंद्र शर्मा हे कारागीर होते, फारसे शिकलेले नव्हते. आपली माणसे अनवाणी चालतात, मांडी घालतात, उकिडवी बसतात, हे ध्यानात घेऊन त्यांनी पाऊल बनवले. उकिडवे बसणे म्हणजे काय, ते घोटा आखडल्यावर कळते. चूल, मोरी, निवडण, सगळे आपले जमिनीवर.

प्लास्टर निघाले तेव्हा पोटरी लाकडासारखी बारीक, कातडी कोंड्यासारखी. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी टॉवेल पंजाला अडकवून ओढायला सांगितले, आणि अंगठ्याने हवेत अक्षरे काढायला. मी रोज दोनदा बाराखडी गिरवली. 'क' सोपा, 'ज्ञ' काढताना डोळ्यांत पाणी येई. जिन्याचाही नियम त्यांनीच सांगितला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. सारंगखेड्याच्या यात्रेला डिसेंबरात काठी घेऊन गेले, घोडे पाहिले, आणि रात्री घोटा भोपळ्याएवढा झाला. संध्याकाळची सूज वर्षभर राहते, हे मला आधी कुणी सांगितले असते तर मी इतकी घाबरले नसते. म्हणून तुम्हाला सांगते.

आता जे सांगणार नव्हते ते सांगते. माझ्या थोरल्या जाऊबाई आणि मी, दोन वर्षे बोलत नव्हतो. भिंत एक, दारे दोन. मी पडल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्या पाण्याची बादली आणि शिकेकाई घेऊन आत आल्या. "केसांची काय दशा करून घेतलीस," म्हणाल्या, आणि डोके खाटेच्या कडेला घेऊन न्हाऊ घातले. मी काही बोलले नाही, त्याही नाही. दुसऱ्या दिवसापासून दुपारचा स्वयंपाक त्यांच्याकडून येऊ लागला आणि माझी पोर कॉलेजला गेली.

2025 च्या कानबाईला रोटांची कणीक आम्ही दोघींनी मळली. त्या खाली बसून, मी खुर्चीवर. भांडण कशावरून झाले होते ते अजून कुणीच काढलेले नाही. अंगणातली फरशी मात्र दर शनिवारी त्याच घासतात, मला हात लावू देत नाहीत.