नाराचे व्रत आणि आगाशिवचे दाते

(सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



जपानची प्राचीन राजधानी नारा आणि तेथील तोदाइ-जी हे बौद्ध मंदिर, हा आजचा विषय आहे. परदेशातील मंदिर पाहून आलेला मनुष्य बहुधा त्याच्या भव्यतेचेच वर्णन करतो. ती भव्यता तेथे आहेच. सम्राट शोमू यांनी इ.स. ७४३मध्ये संकल्प सोडला आणि त्यातून वैरोचन बुद्धाची सुमारे १५ मीटर उंचीची ओतीव मूर्ती साकारली. ज्यास मूठभर माती अथवा गवताची काडी आणून हातभार लावावयाचा असेल त्यालाही या कार्यात सामील करून घ्यावे, असे त्या राजाज्ञेत म्हटले होते. ११८० आणि १५६७ या वर्षी युद्धाच्या आगीत मंदिर भस्मसात झाले. आज उभे असलेले लाकडी सभागृह १७०९मधील आहे.

मला मात्र आपल्यापुढे तेथील पूजापद्धती ठेवावयाची आहे. यात्रेकरू वाहत्या पाण्याने हात धुतो, उदबत्ती लावतो, पेटीत नाणे टाकतो आणि हात जोडून मस्तक नमवितो. टाळ्या वाजविण्याची रीत शिंतो देवळातील. बौद्ध मंदिरात शांतपणे हात जोडावयाचे. सभागृहाबाहेर एका वृद्ध भिक्षूची लाकडी मूर्ती बसलेली आहे. जपानी लोक तिला ‘बिन्झुरु’ म्हणतात. हे नाव पिंडोल भारद्वाज या बुद्धशिष्याचे! आपला जो अवयव दुखत असेल, त्याच जागी मूर्तीला हात लावून तोच हात आपल्या अंगावरून फिरविण्याची प्रथा आहे. आपल्या यात्रांत वाढलेल्या माणसाला ती श्रद्धा कोणी समजावून सांगावी लागत नाही.

आपणापैकी अनेकांनी गावच्या मंदिरातील प्राणप्रतिष्ठा पाहिली असेल. मूर्तीचे नेत्रोन्मीलन झाल्यावाचून तिच्यात देवत्व येत नाही, असे आपण मानतो. नाराच्या महामूर्तीचे नेत्रोन्मीलन इ.स. ७५२मध्ये झाले आणि ते करणारे आचार्य भारतीय होते. त्यांचे नाव बोधिसेन. ७३६मध्ये ते जपानला पोहोचले. जपानी लोक त्यांना ‘ब्राह्मण धर्माध्यक्ष’ या अर्थाच्या पदवीने ओळखतात. त्यांच्या हातातील कुंचल्याला लांब दोर बांधले होते आणि जमलेल्या लोकांनी ते हाती धरले होते, जेणेकरून त्या पुण्यात सर्वांचा वाटा असावा. तो कुंचला आणि तो दोर आजही नारा येथील शोसोइन या प्राचीन कोठारात जतन केलेले आहेत. पहिल्या अग्निप्रलयानंतर दुरुस्त झालेल्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन ११८५मध्ये झाले, तेव्हा निवृत्त सम्राट गो-शिराकावा यांनी तोच कुंचला हाती घेतला.

हे ऐकून आपली छाती अभिमानाने भरून येते आणि त्यात गैर काही नाही. परंतु एक प्रश्न स्वतःला विचारावयास हवा. बोधिसेन आपल्या भूमीतून गेले हे खरे. पण त्यांचा कुंचला साडेबाराशे वर्षांहून अधिक काळ कोणी सांभाळला? ज्यांनी सांभाळला, त्यांचे श्रेय त्यांनाच दिले पाहिजे. बीज कोठून आले याचा अभिमान बाळगणे सोपे असते. रोपाला रोज पाणी घालणे कठीण असते.

त्या कठीण कामाचा नमुना याच मंदिराच्या परिसरात, टेकडीवरील निगात्सु-दो या सभागृहात पाहावयास मिळतो. दरवर्षी १ ते १४ मार्च या काळात तेथे ‘शुनि-ए’ नावाचे व्रत होते. निवडलेले अकरा भिक्षू एकादशमुख अवलोकितेश्वरासमोर सर्व जनांच्या वतीने पापक्षालनाची प्रार्थना करतात. व्रतापूर्वी ते वेगळे राहतात आणि त्यांचा अग्नीही वेगळा असतो. इतरांच्या चुलीतील विस्तव त्यांना चालत नाही. आपल्या आजीचे सोवळे ज्यांना आठवते, त्यांना याचा अर्थ सहज कळेल. भिक्षूंना वाट दाखविण्यासाठी रात्री प्रचंड मशाली पेटविल्या जातात. सभागृहाच्या सज्जावरून ठिणग्यांचा वर्षाव होतो आणि खाली जमलेले लोक जळक्या काड्या प्रसादासारख्या घरी नेतात. हे व्रत ७५२मध्ये सुरू झाले आणि आजतागायत एकाही वर्षी खंडित झालेले नाही. ११८०मध्ये मंदिर जळाले, तरी पुढच्या वर्षी व्रत झाले. १६६७मध्ये निगात्सु-दोच जळाले, तरी परंपरा तुटली नाही. २०२१मध्ये महामारीमुळे गर्दीवर निर्बंध आले. भिक्षूंनी आधी विलगीकरण पाळले आणि मग व्रत पार पाडले.

या व्रतातील एका विधीने मला अंतर्मुख केले. ५ आणि १२ मार्चच्या रात्री ‘काकोचो’ म्हणजे दिवंगतांची नोंदवही मोठ्याने वाचली जाते. तिचा आरंभ सम्राट शोमूंच्या नावाने होतो; पण पुढे मूर्तिकार येतात, धातू ओतणारे येतात, लाकूड देणारे आणि अंगमेहनत करणारे यांचीही गणना येते. तेराव्या शतकाच्या आरंभीची एक कथा सांगतात. वाचन चालू असता निळ्या वस्त्रातील एक स्त्री प्रकट झाली आणि तिने विचारले, ‘माझे नाव का वगळलेत?’ वाचणाऱ्या भिक्षूला तिचे नाव ठाऊक नव्हते. त्याने तत्काळ ‘निळ्या वस्त्रातील स्त्री’ असे उच्चारले. तेव्हापासून दरवर्षी ते नाव वाचले जाते. ती कोण होती हे कोणासही माहीत नाही. पण तिला वगळावयाचे नाही, हे मात्र ठरलेले आहे.

बंधुभगिनींनो, आता आपल्या कृष्णाकाठी येऊ. सांगलीला येण्यापूर्वी कृष्णामाई कऱ्हाडला कोयनेस भेटते. त्या संगमापासून काही किलोमीटरवर, जखिणवाडीजवळ, आगाशिवच्या डोंगरात साठांहून अधिक बौद्ध लेणी आहेत. सातारा जिल्ह्यातच शिरवळला आणि वाईजवळ लोहारे येथेही अशी लेणी आहेत. आगाशिवच्या एका लेखात गोपालाचा पुत्र संघमित्र याने लेणे दान दिल्याची नोंद आहे. रायगड जिल्ह्यातील कुडा लेण्यांत कऱ्हाडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान कोरलेले आहे. दूर मध्य प्रदेशातील भरहुतच्या स्तूपावर तर ‘कऱ्हाड नगराचे दान’ अशी नोंद आहे. म्हणजे आपल्या कृष्णाकाठच्या एका संपूर्ण नगराने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एका दूरच्या स्तूपासाठी झोळी रिकामी केली होती! नाराच्या महामूर्तीहून ही दाने कितीतरी जुनी आहेत. संघमित्र आणि महिक ही नावे आपल्यापैकी किती जणांच्या घरी कधी उच्चारली गेली आहेत?

नावे दगडात कोरलेली असल्यामुळे टिकली, यात आपले कर्तृत्व काही नाही. उलट, प्राचीन भिंतींवर स्वतःची नावे खरडण्याची खोड मात्र आपल्याला जडली आहे. दात्याच्या नावाशेजारी सहलीला आलेल्याचे नाव, हे दृश्य आपल्या संस्कारांवरचे भाष्य आहे.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. वर्षातील एक दिवस ठरवावा. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील कुटुंबांनी, मुलाबाळांसह, आगाशिवला जावे. तेथे भक्तिभावाने येणाऱ्या बौद्ध बांधवांना सोबत घ्यावे, किंबहुना त्यांच्या सोबत आपण जावे. पुरातत्त्व खात्याच्या नियमांत राहून परिसर स्वच्छ करावा. आणि परतण्यापूर्वी एखाद्या मुलाने मोठ्याने वाचावे : गोपालपुत्र संघमित्र, कऱ्हाडचा महिक, कऱ्हाड नगर. ज्या कारागिरांची नावे कोरली गेली नाहीत, त्यांच्यासाठी शेवटी म्हणावे, ‘आणि छिन्नी चालविणारे सर्व’. या कामास निधी लागत नाही, मंडप लागत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा जाणे तेवढे लागते.