चारित्र्याच्या रकान्यात काय भरायचं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



मला तुम्ही विषय दिलात ‘परदेशातल्या आपल्या मुलींचे प्रश्न’. विषय इतका ऐसपैस की दोन दिवस बोललं तरी हाती काही लागायचं नाही. म्हणून मी एकच कागद घेऊन आले आहे. अमेरिकेतल्या हायस्कुलांमधून ‘नॅशनल ऑनर सोसायटी’च्या शाखा असतात. तिचं सदस्य व्हायचं तर हा फॉर्म भरावा लागतो. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर गेली सहा वर्षं मी न्यू जर्सीत, आपल्या भागातून गेलेल्या कुटुंबांबरोबर काम करते. दर वर्षी चार-दोन मुली हा फॉर्म घेऊन माझ्यासमोर बसतात. बरोबर बहुतेक वेळा आई असते, आणि आईच्या डोळ्यांत जवळजवळ दहावीच्या निकालाइतकी धास्ती.

आधी ही संस्था काय ते सांगते. १९२१ साली तिथल्या मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेनं ती काढली. हुशार मुलांचा मान व्हावा, आणि नुसत्या मार्कांवर तो होऊ नये, असा हेतू. म्हणून चार कसोट्या ठेवल्या: अभ्यास, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य. शंभरात ८५ किंवा चारपैकी ३ ही सरासरी किमान हवी. शाळा त्याहून जास्तही मागू शकते. मार्क असलेल्या मुलांना हा फॉर्म मिळतो, त्यात केलेली कामं लिहायची. मग मुख्याध्यापकांनी नेमलेले पाच शिक्षक बसतात आणि मत देतात. निवड हा मान आहे, हक्क नाही, असं संस्था बजावून सांगते. कॉलेजच्या अर्जात हे सदस्यत्व लिहिता येतं, म्हणून आपल्या मंडळींना त्याचं एवढं अप्रूप. ‘अमक्यांची झाली, आपली का नाही?’ हा प्रश्न इथून तिथून सारखाच.

अभ्यासाचा प्रश्न नसतो. आपल्या मुली मार्क आणतात. अडतं ते पुढच्या रकान्यांशी.

एका मुलीचं सांगते. सोळा वर्षांची. आई किराणा दुकानात उभ्यानं काम करते, वडील रात्रपाळीला. शाळा सुटली की ही धाकट्या भावाला आणते, खाऊ घालते, त्याचा अभ्यास घेते. आजीला दवाखान्यात नेते आणि डॉक्टरांचं इंग्रजी आजीला मराठीत सांगते. आजीच्या पाळीविषयीचे, लघवीविषयीचे प्रश्न या पोरीच्या तोंडून जातात-येतात. विजेचं बिल, घरमालकाचं पत्र, आईच्या नोकरीचे कागद, सगळं तीच वाचते. मी विचारलं, ‘सेवेच्या रकान्यात काय लिहिलंस?’ रकाना कोरा होता. म्हणाली, ‘मावशी, मी काहीच करत नाही.’

हे वाक्य तुम्ही ऐकलेलं आहे. जनगणनेचा माणूस दारात आला की बाई हेच सांगते, आणि तोही तिला बिनकामाच्यांत टाकून पुढच्या घरी जातो.

तिच्याच वर्गातल्या मुलानं पानभर लिहिलं होतं. शाळेच्या मदतीसाठी गाड्या धुतल्या, अमुक तास. वाचनालयात पुस्तकं लावली, अमुक तास. त्यानं खोटं लिहिलं नव्हतं, वाईट काम तर मुळीच केलं नव्हतं. पण त्याच्या प्रत्येक तासाखाली कुणा मोठ्या माणसाची सही होती. हिच्या तासांखाली सही कोण करणार? आजी? तिला सहीच येत नाही. आणि मुलगी घरात राबते हे तिच्या आईला काम वाटत नाही, ‘मुलगी आहे, करणारच.’ शाळेलाही ते दिसत नाही. तिथं सेवा म्हणजे घराबाहेर, बिनपैशानं, कुणाच्या तरी देखरेखीखाली केलेलं काम. घरात केलं ते फक्त वळण!

यावर आम्ही काय केलं ते सांगते, कारण इथंही उपयोगी पडेल. तिला आठवडाभर रोजची कामं तासांनिशी लिहायला सांगितली. यादी पाहून ती स्वतःच चकित झाली. मग दोन वाटा काढल्या. शेजारच्या दोन म्हाताऱ्या बायकांसाठीही ती दवाखान्यात दुभाषाचं काम करत होती. ते ‘सेवा’ म्हणून लिहिलं, आणि तिथल्या परिचारिकेनं आनंदानं सही दिली. घरातल्या जबाबदाऱ्या मात्र शाळेच्या समुपदेशक बाईंना पत्र लिहून कळवल्या आणि ते पत्र फॉर्मला जोडलं. तिची निवड झाली. दुसऱ्या एका मुलीच्या बाबतीत हेच सगळं केलं आणि झाली नाही. कारण कुणी सांगितलं नाही.

आता चौथ्या कसोटीकडे येते. फॉर्मवर असलेला इंग्रजी शब्द तसा साधा आहे. प्रामाणिकपणा, जबाबदारी, दुसऱ्याविषयी आदर, असा त्याचा खुलासा संस्था करते. मराठीत मात्र तो आला की बदलतो. ‘तो चारित्र्यवान आहे’ म्हटलं तर आपल्याला वाटतं, पैसे खात नाही. ‘तिचं चारित्र्य’ म्हटलं की कुणी पैशाचा विचारही करत नाही. मला वाटायचं ही आपल्याच भाषेची खोड. तिथले खटले वाचले आणि लक्षात आलं की इंग्रजीतही मुलीजवळ आला की हा शब्द असाच वागतो.

१९८३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका हायस्कुलात सोसायटीची सदस्य असलेली मुलगी गरोदर राहिली. शिक्षकांच्या समितीनं तिला काढून टाकलं. १९७२ पासून अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हा कायदा आहे: सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करायचा नाही. १९७५ च्या नियमांनी गरोदर विद्यार्थिनीला उपक्रमातून वगळायलाही बंदी घातली. म्हणून शाळेनं युक्तिवाद असा केला की गरोदर आहे म्हणून नव्हे, लग्नाआधी संबंध ठेवले म्हणून काढलं. चारित्र्याची कसोटी ती उतरली नाही. १९९० मध्ये वरच्या कोर्टानं हे म्हणणं बऱ्याच अंशी मान्य केलं. फक्त एका मुद्द्यावर प्रकरण परत पाठवलं. लग्नाआधी संबंध येऊनही सदस्य राहिलेल्या एका मुलाची साक्ष खालच्या कोर्टानं घेतली नव्हती, ती घ्या म्हणाले.

इलिनॉयमध्ये मात्र १९८४ साली अशाच प्रकरणात निकाल मुलीच्या बाजूनं लागला होता. आणि १९९८ मध्ये केंटकीतल्या ग्रँट काउंटीत दोन मुली कोर्टात गेल्या. मार्कांची अट पुरी करणाऱ्यांपैकी फक्त या दोघींना सदस्यत्व नाकारलं होतं. दोघींचं गरोदरपण कुणापासून लपलेलं नव्हतं. शाळेचा बचाव तोच, लग्नाआधीचे संबंध. न्यायाधीशांनी विचारात घेतलं ते असं की बाकीच्या मुला-मुलींना हा प्रश्न शाळेनं विचारलाच नव्हता. पुरावा धरला तो पोटाचा, आणि तो फक्त मुलींच्या अंगावर दिसतो. डिसेंबर १९९८ मध्ये अंतरिम हुकूम झाला: दोघींना सदस्य करून घ्या.

मथुरा प्रकरणाच्या वेळी ज्या रस्त्यावर उतरल्या होत्या, त्या इथं बसल्या आहेत. बाईच्या अंगावरून तिची लायकी वाचायची ही पद्धत त्यांना मी समजावून सांगणं म्हणजे लहान तोंडी मोठा घास.

माझ्यासमोर बसणाऱ्या मुलींच्या वाट्याला सहसा एवढं टोकाचं येत नाही. त्यांच्याबाबतीत चारित्र्याची चौकशी शाळेआधी घरीच होते. एका मुलीचं नेतृत्व कशात, तर नाटक मंडळात. ती सचिव होती. आईनं ते फॉर्मवर लिहू दिलं नाही. का, तर तालमी संध्याकाळी उशिरापर्यंत चालतात आणि मुलगेही असतात, हे गावाकडे कळलं तर? शाळेला जे मोलाचं वाटत होतं तेच घराला डाग वाटत होतं. आईला दोष देणं सोपं आहे. पण नातेवाइकांना रोज जाब द्यावा लागतो तो तिला. तिच्याशी मी तीन वेळा बोलले. चौथ्या वेळी तिनंच विचारलं, ‘मुलाचं असतं तर लिहिलं असतं ना मी?’ मी काही बोलले नाही. तिनं फॉर्म पुढे ओढला.

मुलींना मी एक गोष्ट आवर्जून सांगते: निवडीचे निकष लेखी मागा. चार कसोट्या कशा मोजणार, तक्रार कुणाकडे करायची, हे विचारायला लाजू नका. असं विचारणाऱ्या मुलीला उद्धट म्हणतात, म्हणू द्या.

शेवटचं, आपल्या घरचं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ हा रकाना आपल्याकडेही आहे. आणि या शिबिराच्या फाईलमध्ये आपल्याच गटाच्या मुलींसाठीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज ठेवलेला दिसला. पाचव्या क्रमांकावर लिहिलं आहे, ‘चारित्र्य चांगले असल्याबद्दल मुख्याध्यापकांचा दाखला जोडावा.’ हा मजकूर कुणी घातला हे मला विचारायचं नाही. बहुधा जुन्या अर्जावरून तसाच उतरवला गेला असेल. पण सासर सोडून आलेल्या, कडेवर मूल असलेल्या, पुन्हा शाळेत बसलेल्या मुलीनं तो दाखला कुणाकडून आणायचा? अर्जाच्या वीस प्रती आणल्या आहेत. जेवण झालं की गटागटानं बसू आणि पाचवा क्रमांक नव्यानं लिहू. घरकामाचे तास कुठे लिहायचे तेही ठरवू. पेन्सिली दाराजवळच्या टेबलावर आहेत.