काजळीतील प्रकाश

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



घरात काजळी दिसली की आपण ती पुसून टाकतो. 2004 साली अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठात काही संशोधक काजळीतून कार्बनच्या सूक्ष्म नळ्या शुद्ध करीत होते. तेव्हा एक अनपेक्षित अंश वेगळा झाला आणि अतिनील प्रकाशात तो चमकू लागला. तो त्यांनी टाकून दिला नाही, तपासला. प्रकाश देणाऱ्या कार्बनकणांचा शोध असा लागला. हे कण 10 नॅनोमीटरहून लहान असतात. एक मिलिमीटर लांबीत असे लाखाहून अधिक कण ओळीने मावतील.

त्यासाठी महागडी रसायनेच हवीत असेही नाही. 2012 साली राउरकेला येथील राष्ट्रीय तंत्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी हे कण संत्र्याच्या रसापासून बनविले. रस बंद पात्रात 120 अंश सेल्सियसला सुमारे अडीच तास तापविला. अशा उष्णतेत रसातील साखर व आम्ले यांच्या रेणूंतून पाणी निघून जाते, उरलेले भाग एकमेकांस जोडले जातात आणि कार्बनचे कण तयार होतात. पुढे कोथिंबिरीच्या पानांपासूनही ते बनविले गेले. पाण्यात लोहाचे आयन असतील तर या कणांची चमक मंदावते. त्यावरून लोह ओळखता येते.

विद्यार्थी मित्रांनो, बंद भांडे तापविण्याचा प्रयोग घरी मुळीच करू नका. दाबाने ते फुटते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हिरव्या पानांचा स्पिरिटमधील अर्क अतिनील दिव्याखाली न तापविताही लाल चमकतो. ती चमक हरितद्रव्याची. म्हणून कच्च्या अर्काशी तुलना केल्याखेरीज निष्कर्ष काढू नये.

आता पालकांसाठी दोन शब्द. कार्बनकणांचे भाईबंद म्हणता येतील अशा ‘क्वांटम डॉट्स’ नावाच्या कणांवरील कार्यासाठी 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले. त्यांपैकी मुंगी बावेंडी हे एका ट्युनिशियन गणितज्ञाचे पुत्र. हार्वर्डमधील रसायनशास्त्राच्या पहिल्याच परीक्षेत त्यांना 100 पैकी 20 गुण मिळाले होते! त्यांनी अभ्यासाची पद्धत बदलली, विषय सोडला नाही.

आपल्याकडे एवढ्या गुणांवर मुलाला दुकानात बसवितात आणि मुलीची शाळाच बंद होते. माझी कळकळीची विनंती आहे : एका निकालावरून आपल्या लेकरांना काजळी समजून पुसून टाकू नका. त्यांना आणखी एक वर्ष द्या.